धूळ खात पडलेलं पितळ

पुण्याच्या पेठांतले वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहू लागल्या, त्याला आता काही दशकं झाली. प्रत्येक वाड्याबरोबर एक माळाही रिकामा होतो, आणि त्या माळ्यावरून काय निघणार हे पेठेत वाढलेला कुणीही वर न चढता सांगेल. तांब्याचा बंब, पितळेची घंगाळं, कल्हई उडालेली पातेली, धान्याची मापं, एखादा खूर मोडलेला पाळणा आणि पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पंचांगांचे गठ्ठे. यातलं काहीही तिथे कुणी जपून ठेवलेलं नसतं. नवं आलं म्हणून जुनं वर चढवलं, आणि वर चढलेलं खाली उतरवायचं कारण कधी पडलं नाही, एवढाच त्याचा इतिहास.

आमच्या वाड्याची पाळी आली तेव्हा सामानाची वासलात लावायला माझी थोरली बहीण आली आणि माझी मुलगी आली. बहीण सत्तरी उलटलेली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मुलगी आर्किटेक्ट. अशा प्रसंगी म्हाताऱ्यांनी हळहळावं आणि तरुणांनी फेकून द्यावं, अशी रीत आहे. आमच्याकडे नेमकं उलटं चाललं होतं, म्हणूनच ते बोलणं उतरवून ठेवावंसं वाटलं. मधेमधे मीही तोंड घातलं आहे. ते माझं मत म्हणून वेगळं धरावं.

आत्या : भंगारवाल्याला निरोप गेलाय ना? सगळं एकदम तोलायला लावू. थोडं थोडं दिलं की भाव पाडतात.

भाची : आत्या, जरा थांब. हा बंब बघ. किती सुबक आहे! असली वस्तू कुणी किलोवर देतं का?

आत्या : मग कशी देतात? तांबं आहे ते. तुझी आजी नवं पातेलं घ्यायला निघाली की चेपलेली तपेली पिशवीत घालून न्यायची. दुकानदार मोड तोलायचा, मोडीचे पैसे वजा करायचा आणि वरचे तेवढे मागायचा. आजी काही कोरड्या मनाची बाई नव्हती. पण भांड्याला चीर गेली, की मोडीत. त्यात रडण्यासारखं काही असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

भाची : तेव्हा मोडीत घातलं तरी तसंच दुसरं मिळत होतं. आता असा बंब कोण घडवणार? जाळ मधल्या नळीत आणि पाणी भोवती, म्हणजे ऊब वाया जायला वावच कमी. आम्हाला कॉलेजात हे तत्त्व फळ्यावर काढून शिकवलं. इथे ते माळ्यावर पडून आहे.

आत्या : तत्त्व चांगलंच आहे. तो पेटवायचं काम माझ्याकडे होतं. थंडीत पहाटे उठून आधी कालची राख काढायची. मग ढलप्या, वर गोवरीचा तुकडा, वर कोळसा. एकाची आंघोळ झाली की तेवढं गार पाणी वरून ओतायचं, नाहीतर पुढचा ओरडतो. पाणी तळाला गेलं आणि आत जाळ राहिला तर डाग सुटतो, मग तांबटाकडे खेप. धूर सगळा न्हाणीघरात. एवढं करून मी शेवटी आंघोळ करायची, तीही कोमट पाण्याने. गिझर आला त्या दिवशी मी याला वर चढवायला स्वतः शिडी धरली होती.

भाची : म्हणून राग आहे होय तुझा त्याच्यावर!

आत्या : राग बिग काही नाही. तुला तो सुबक दिसतो, मला त्यात काम दिसतं. हे घंगाळ घे. चिंच लाव, राख लाव, नारळाच्या शेंडीने घास, धू, पूस, उन्हात घाल. सणाच्या आदल्या दिवशी अशी भांडी मागच्या अंगणात ओळीने मांडलेली असायची आणि आम्ही मुली त्यांच्यामागे. मुलगे विटीदांडू खेळायचे.

(इथे मी गप्प राहणं पसंत केलं.)

भाची : पण पितळेतल्या आमटीला चव वेगळी असते, असं तूच सांगतेस.

आत्या : कल्हई असेल तर! कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक नाहीतर चिंचेची आमटी ठेवून बघ. तासाभरात कळकते, हिरवट चव येते, आणि तशीच पोटात गेली तर मळमळून उलट्या. म्हणून तर कल्हईवाला लागायचा. भाता लावून भट्टी पेटवायची, भांडं तापवायचं, आत नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात सगळीकडे फिरवायची. बघायला मजा यायची, खोटं कशाला बोलू? काळंमिट्ट भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. पण पैसे मोजायची वेळ आली की आजी निम्मीच भांडी पुढे करायची. उरलेल्यांत आंबट काही ठेवायचं नाही, हे घरात सगळ्यांनी लक्षात ठेवायचं.

भाची : मग स्टील आलं.

आत्या : स्टील आलं आणि आम्ही सुटलो. घासलं की झालं. कल्हई नको, चिंच नको, कळकण्याची भीती नको. तू ज्याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणशील ना, तो माझ्या आयुष्यातला एक मोठा दिलासा होता. बोहारीण दारात बसायची, टोपलीत चकचकीत पातेली. जुने कपडे द्या आणि भांडं घ्या. तुझ्या आजीने जरीची दोन लुगडी देऊन एक डबा घेतला. घासाघीस अर्धा तास चालली होती.

भाची : जरीची लुगडी? डब्यासाठी?

आत्या : लुगडी ट्रंकेत कसर लागून चालली होती. डबा अजून माझ्या घरी आहे. त्यात मी रोज कणीक ठेवते. आता सांग, सौदा कुणाला लाभला?

मला विचाराल तर इथवर बहिणीची बाजू भक्कम होती. जुन्या भांड्यांवर हळवे लेख लिहिणाऱ्यांत ती भांडी घासणारे फार कमी सापडतात. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घंगाळ ठेवून त्यात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या सोडणं सोपं आहे, कारण त्या घंगाळाने आता कुणाची आंघोळ व्हायची नाही. पण मुलगी एवढ्यावर हटणारी नव्हती. तिने ट्रंकेमागून मापांचा संच ओढून काढला.

भाची : बरं, बंब सोड. हे काय आहे सांग.

आत्या : हे होय! हे चिपटं, हे मापटं, हा शेर. पायली कुठे गेली? दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य मापायचं, तोलायचं नाही. शेर दोन तऱ्हेचे असत, मापाचा वेगळा आणि वजनाचा वेगळा. आणि माप शिगोशीग भरायचं की काठोकाठ, यावर दुकानात भांडणं व्हायची. देताना वाणी काठाशी हात फिरवायचा, शेतकऱ्याकडून घेताना मात्र शीग.

भाची : बघ! हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

आत्या : कोष्टक मिळालं असतं. आम्ही पाठ केलं होतं, आणि ते पुरतं पाठ होतंय तोवर सरकारने बदललं. १९५७ साली नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. पाठोपाठ किलो आणि लिटर. १९५६चा कायदा होता वजनमापांचा. घरात आजी पायलीत बोलायची, शाळेत गुरुजी किलोत, आणि वाणी ज्यात फायदा असेल त्यात. माझं गणित तिथेच पक्कं झालं बहुतेक.

भाची : आणि तू हे किलोवर विकायला निघालीस. किलोने ज्याला संपवलं ते माप किलोवर!

आत्या : बोलायला छान आहे. पण तू ठेवणार कुठे? नव्या इमारतीत तुमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि त्याला माळाच नाही. तू स्वतः नकाशे काढतेस, तुला ठाऊक असायला हवं.

भाची : केळकर संग्रहालयाला देऊ.

आत्या : तिथे काय कमी आहे? तू गेली आहेस ना?

भाची : शाळेच्या सहलीत गेले होते. नंतर कॉलेजातून गेले तेव्हा नीट पाहिलं. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली. माणूस कवी, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहिणारा. राजेमहाराजांच्या तलवारी जमवणारे खूप होते. यांनी अडकित्ते जमवले, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, दरवाजे, वाद्यं. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली अख्खा संग्रह सरकारच्या हवाली केला. लोकांनी माळ्यावर टाकलेल्या वस्तू त्यांनी उचलल्या नसत्या तर आज आपल्याला अडकित्त्यांतले एवढे प्रकार माहीत तरी झाले असते का?

आत्या : मोठंच काम. पण एकूण वस्तू किती आणि मांडलेल्या किती?

भाची : वीस हजारांच्या वर. मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास.

आत्या : म्हणजे आठातली एक. उरलेल्या सात कोठारात. आपला शेर आपल्या माळ्यावरून उतरून सरकारी माळ्यावर चढणार.

भाची : कोठार म्हणजे माळा नव्हे, आत्या. तिथे वस्तूला क्रमांक असतो, नोंद असते. अभ्यास करणाऱ्याला ती काढून दाखवता येते. आपल्याकडे एवढी वर्षं कुणी पाहिली तरी का?

आत्या : नोंदीत काय लिहिणार? ‘पितळी माप, एक नग’?

या प्रश्नावर मुलगी थोडी अडखळली, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. वस्तू कुठल्या गावची, कुणाच्या घरची, कधी घेतली, कशासाठी वापरली, हे ठाऊक नसेल तर संग्रहालयातला जाणकारही धातू आणि घडण यापलीकडे फारसं सांगू शकत नाही. जुन्या लोकांना हे कळत होतं की काय कोण जाणे, पण भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. आमच्या एका हंड्यावर आजोबांचं नाव, गाव आणि शके ठोकून घातलेलं निघालं. तेवढ्या एका ओळीने तो हंडा बाजूच्या पाच हंड्यांपेक्षा बोलका झाला.

आत्या : नाव आजोबांचं आहे बघ. त्यांनी तो हंडा जन्मात कधी उचलला नसेल. विहिरीवरून आणणारी आजी, घासणारी आजी, आणि ठोकून घातलेलं नाव आजोबांचं.

भाची : हेच नोंदीत लिहायचं ना मग!

आत्या : लिही बाई. संग्रहालयवाले खूश होतील.

भाची : आणि समई? ती तरी विकू नको. दादाला पाठवू अमेरिकेत. त्याला हवी आहे.

आत्या : किती जुनी?

भाची : बाबा म्हणतात, पणजीच्या लग्नातली. म्हणजे शंभराच्या वर.

आत्या : मग नाही पाठवता येणार. १९७२चा कायदा आहे पुरावस्तूंचा. शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू देशाबाहेर न्यायला सामान्य माणसाला बंदी. हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. पुरातत्त्व खात्याने ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला दिला तर गोष्ट वेगळी. माझ्या मैत्रिणीने लेकीसाठी चौकशी केली होती, म्हणून ठाऊक.

भाची : म्हणजे घरच्या समईला परदेशी जायला बंदी, आणि भट्टीत जायला नाही?

आत्या : भट्टीला कोण विचारतंय? आणि खरं सांगू का, मला भट्टीचं वाईट वाटत नाही. तांबं-पितळ वितळवलं म्हणून मरत नाही. कसब्यातल्या तांबट आळीत लहानपणी गेलं की ठोक्यांनी कान बधिर व्हायचे. तिथे नवं भांडं कशाचं घडत होतं? मोडीचंसुद्धा. हा हंडा ज्याला तू वारसा म्हणतेस, तो कुणाची तरी फुटकी परात असेल पूर्वी. परातीच्या आधी आणखी काही. ते फिरतं राहिलं म्हणून टिकलं. अडकलं ते आपल्या माळ्यावर येऊन.

हे मला बिनतोड वाटलं. भंगारात घालणं म्हणजे वस्तूचा अपमान, असं आपण सहज बोलून जातो. पण धातूच्या भांड्यांची परंपराच मुळी मोडण्याची आणि पुन्हा घडवण्याची होती. माळ्यावर चढवून ठेवणं ही अलीकडची सवय. वापरायचं नाही, विकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. निर्णय टाळायची ती एक जागा आहे, आणि त्याला आपण जतन म्हणतो.

भाची : धातू फिरतो हे मान्य. पण घडण फिरत नाही ना! मठारकाम करणाऱ्याचा हात कसा बसला होता, ठोक्यांच्या ओळी कशा घेतल्या होत्या, काठ कसा दुमडला होता, हे वितळलं की गेलं. आळीत आता किती घरं राहिलीत ते काम करणारी? नव्या कारागिराला नमुना म्हणून दाखवायला तरी एखादं भांडं हवं.

आत्या : एखादं. तू ढीग धरून बसली आहेस. आणि माळ्याची एवढी आच असेल तर तुझ्या गॅलरीतल्या त्या सायकलचं काय? व्यायामाची म्हणून आणलेली. तिच्यावर टॉवेल वाळतात.

भाची : ते वेगळं.

आत्या : काही वेगळं नाही. टेबलाच्या खणात चार जुने फोन आहेत तुझे. पितळेला निदान मोडीचा भाव तरी येतो.

यावर दोघी हसल्या, चहा झाला, आणि वाद मिटल्यासारखा दिसला. पण खालच्या चौकात जातं होतं. माळ्यावर चढवता न आलेलं म्हणून खालीच राहिलेलं. ते तोलून घ्यायला कुणी तयार नव्हतं. दगडाला मोड नसते.

भाची : याचं काय करायचं?

आत्या : काही करू नका. कुणी नेलं तर नेऊ दे. तसा दगड गावोगाव पडला आहे. गिरण्या आल्या आणि बायका सुटल्या, तिथेही गोष्ट तीच.

भाची : आणि ओव्या? त्या पण सुटल्याच की.

आत्या : ओव्या सुटल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. एक लाखाच्या वर. नंतर त्या ‘पारी’कडे गेल्या, ग्रामीण भारताचा तो संग्रह आहे ना, तिथे. आज कुणीही ऐकू शकतं. यातली गंमत लक्षात आली का तुझ्या? त्यांनी जाती गोळा करत बसण्यात वेळ घालवला नाही. दळणाऱ्या बायकांपुढे बसले आणि ऐकलं.

भाची : म्हणजे मी बंबापुढे न बसता तुझ्यापुढे बसायला हवं.

आत्या : मी तसं म्हटलेलं नाही.

भाची : मी म्हणतेय. राख, ढलप्या, गोवरी, मग काय? पुन्हा सांग. मी फोन लावलाय.

आत्या : अगं, यात काय सांगायचंय? आणि माझा आवाज बघ कसा बसलाय.

भाची : चालेल.

आत्या : आधी राख काढायची. सगळी नाही काढायची, थोडी तळाला ठेवायची. त्याने जाळ धरतो...

पुढचा तास-दीड तास ती बोलत होती. नवसागराचा धूर डोळ्यांना कसा झोंबतो, बोहारणीशी बोलताना पहिली किंमत कधी का सांगायची नाही, मापाची शीग हाताच्या कुठल्या कडेने पाडायची, आजीने कल्हईला कुठली भांडी काढायची आणि कुठली मागे ठेवायची हे कसं ठरवलं होतं. यातलं बरंचसं मीही पहिल्यांदा ऐकत होतो, आणि मी त्याच घरात वाढलो. मी त्या वेळी विटीदांडू खेळत होतो, हे मघाशीच निघालं आहे.

शेवटी ढिगातलं बहुतेक पितळ मोडीत गेलं. बहिणीने काट्यावर नजर ठेवून भाव चढवून घेतला. मापांचा संच, नाव घातलेला हंडा आणि बंब मुलीने मागे ठेवले. प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधली, त्यावर आत्याने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहिलं, आणि संग्रहालयाला पाठवायच्या पत्रात तोच मजकूर उतरवला. बंब ठेवायला बहिणीचा शेवटपर्यंत विरोध होता, आणि माझं मत तिच्या बाजूने आहे. त्याची हकिगत टिपून झाली होती, एवढं मोठं धूड दोन खोल्यांत पुन्हा धूळच खाणार. समई आमच्या देवघरात आहे आणि रोज लागते.

तुमच्याही घराचा माळा आज ना उद्या उतरेलच. काटा बोलावण्याआधी ती भांडी ज्या बाईने घासली, तिला खुर्ची द्या आणि विचारायला बसा. भंगारवाला काय, उद्याही येतो.